विहिरी हा विषय नाही

जून त्र्याहत्तरची गोष्ट. कॉलेजच्या ऑफिसबाहेर प्रवेशाची रांग लागली होती आणि विजयमाला पट्टेबहादूर दीड तास उभं राहून एकदाची खिडकीशी पोचली होती. अनसिंगहून पहिल्या एसटीनं वाशिमला आलेली, पोटात फक्त चहा. अर्जावर तीन चौकोन होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तीन ऐच्छिक विषय, एका गटातून एक, अशी सूचना वर छापलेली होती. तिनं पहिल्या चौकोनात 'विहिरी' असं लिहिलं होतं आणि उरलेले दोन कोरे ठेवले होते.

हेडक्लार्क पंजाबरावांनी चष्मा कपाळावर चढवून अर्ज डोळ्यांजवळ धरला.

"हे काय वं पोरी?"

"विषय हाय सर."

"विहिरी हा विषय नाही."

"मंग कोनत्या विषयात येते थे?"

रांगेतली पोरं हसली. पंजाबराव मात्र हसले नाहीत. एकवीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस, कोणी असं विचारलं नव्हतं म्हणून खरंच विचारात पडला. शेवटी अर्ज परत देत म्हणाले, "भूगोलाच्या घुगे सरांना विचार. अन् विचारून झालं की पुन्हा रांगेत ये."

विजयमालाचा बाप भिवाजी विहिरी खंदायचा. अनसिंगपासून पार किन्हीराजापर्यंतच्या शिवारांत त्याच्या हातच्या पन्नासेक विहिरी होत्या. पोरगी जन्मली त्याच वर्षी घरानं धम्म घेतला, म्हणून आजीच्या देवादिकांच्या यादीतलं एकही नाव न ठेवता भिवाजीनं मास्तरांना विचारून हे लांबलचक नाव ठेवलं होतं. घरात ती विजूच होती. बहात्तरच्या दुष्काळात ती मॅट्रिक होऊन कॉलेजात बी.ए.च्या आधीच्या वर्षाला, म्हणजे 'प्री'ला गेली आणि त्याच वर्षी तिनं बघितलं की गावाच्या उत्तरेला दोन शेतं, मधे नुसता एक धुरा, म्हणजे बांध, आणि एका विहिरीला गळ्याएवढं पाणी तर दुसरीत खडखडाट. दोन्ही विहिरी तिच्या बापानंच खंदलेल्या.

"बा, असं काहून?"

"खडक तसा हाये."

"तसा म्हंजे कसा?"

भिवाजीला सांगता येईना. तो पहार आपटायचा, आवाज ऐकायचा, मुरूम चिमटीत घेऊन चोळायचा, कधी जिभेला लावायचा. हाताला सगळं कळत होतं, ते तोंडात येत नव्हतं. तोंडात यायचं ते एवढंच, की पाहाले लागते.

मग विजूला आणखी दिसायला लागलं. आपल्या वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, माय दोन-दोन तास चुलीपाशी बसते, आणि गावातल्या मोठ्या विहिरीचं पाणी कोणाकडून मागून आणलं तर अर्ध्या तासात वरण होतं. ते काहून? आणि त्या मोठ्या विहिरीला पहिला टिकाव मारणारा तिचा आजा होता, पण पाणी लागलं, नारळ फुटला, त्यानंतर आजानं त्या पाण्याला कधी हात लावला नाही. ते काहून, हे मात्र तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी तेही कुठंतरी लिहून ठेवावं असं तिला वाटे. या तिन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकाच विहिरीच्या होत्या. कॉलेजात त्यांचे तीन तुकडे केलेले होते आणि दोन तुकड्यांच्या खोल्यांत तिला प्रवेशच नव्हता.

जगदेव घुगे सर तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. दम्याचा त्रास होता. नकाशाची गुंडाळी वर्गात न्यायची म्हटली तरी जिन्यावर दोनदा थांबत. त्यांनी विजयमालाचं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकलं.

"खडक माझ्याकडे आहे, थोडाफार," ते म्हणाले. "पाणी केमिस्ट्रीवाल्यांकडे. आणि माणसं?"

"मानसायले मी विचारीन."

सरांनी कपाटातून विद्यापीठाच्या नियमांचं पुस्तक काढलं. धूळ उडाली तसा त्यांना खोकला आला. बरीच पानं उलटल्यावर त्यांना हवं ते कलम सापडलं. विशेष बाब म्हणून, विद्यापीठाच्या पूर्वपरवानगीनं, विद्यार्थ्याला गटाबाहेरचे विषय एकत्र घेता येतील. "हे कलम कोणी वापरलेलं मला तरी आठवत नाही," सर म्हणाले. "बघू. पण एक सांगतो. परवानगी येईपर्यंत नेहमीचे तीन विषय घेऊन ठेव. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. तात्पुरते."

ते तात्पुरतं पुढं पावणेतीन वर्षं चाललं.

अभ्यासक्रम दोघांनी मिळून केला. तीन पेपर ठरले, पहिला खडकांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा माणसांचा. सर तोंडी सांगायचे, विजयमाला कार्बन घालून चार प्रती लिहायची, आणि कार्बनची शाई तिच्या तळहातावरून पोलक्याला लागायची. पाण्याच्या पेपरासाठी सरांनी भाऊसिंग राठोडांना बोलावलं. राठोड सर तांड्यावरून आलेले, तिशीच्या आतले, केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत एकटेच. त्यांनी कागद वाचला आणि लगेच म्हणाले, "पोरगी शनिवारी दुपारी येऊ दे. प्रयोगशाळा रिकामी असते." परवानगी आली का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

ऑगस्टात अर्ज गेला. नोव्हेंबरात उत्तर आलं: प्रस्तावित विषय कला शाखेत मोडतो की विज्ञान शाखेत, याचा खुलासा करावा. खुलासा गेला. सहा महिन्यांनी दुसरं पत्र: क्रमिक पुस्तकांची यादी जोडावी. पुस्तकं नव्हतीच. घुगे सरांनी भूगर्भाच्या तीन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिली आणि खाली 'विद्यार्थिनीने स्वतः केलेल्या नोंदी' असं लिहिलं. मग तिसरं पत्र: विषय घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कळवावी.

"एक," सरांनी लिहिलं. नंतर पेन खाली ठेवून ते म्हणाले, "खोटं तरी किती लिहायचं? दोन लिहिलं तर दुसरा आणायचा कुठून?"

इकडे विजूचा आठवडा असा जाऊ लागला. सोमवार ते शुक्रवार नेहमीचे तास आणि येता-जाता एसटी. शनिवारी प्रयोगशाळा. रविवारी विहिरी. दोराला हाता-हातावर गाठी मारल्या होत्या, टोकाला दगड. दोर सोडायचा, ओला भाग मोजायचा, औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरायचं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. प्रयोगशाळेत त्या पाण्यात साबणाचं द्रावण थेंब-थेंब सोडायचं आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. जितके थेंब जास्त तितकं पाणी जड, तितकी डाळ कच्ची. वस्तीच्या विहिरीच्या पाण्याचे थेंब मोजून झाले तेव्हा ती आकड्याकडं बघत राहिली. माय आयुष्यभर चुलीपाशी बसली त्याचं कारण एका आकड्यात मावलं होतं. पण तो आकडा घरी सांगितला तर माय, केशरबाई, म्हणाली, "मंग? शिजन का आता?"

कोणी विहिरीपाशी बसवून जुन्या गोष्टी सांगायचं, कोणी हाकलून द्यायचं. बबनराव नावाच्या एका बड्या शेतकऱ्यानं तिची सगळी चौकशी ऐकून घेतली, चहा पण पाजला, वेगळ्या कपात, आणि मग म्हणाला, "वरून पाय, जितकं पाहाचं थितकं. दोर नको सोडू." तिनं वाद घातला नाही. आठ किलोमीटर चालत आली होती आणि आठ किलोमीटर परत जायचं होतं. वहीत खडकाच्या पानावर लिहिलं, 'खोली मोजता आली नाही.' माणसांच्या पानावर लिहिलं, 'खोली का मोजता आली नाही.' आणि खाली सगळं लिहिलं, कपासकट.

दुसऱ्या वर्षी ती इतिहासात नापास होता होता वाचली. एसटीत खिडकीला डोकं लावलं की झोप लागायची आणि कंडक्टर अनसिंगला उठवायचा. केशरबाई म्हणायची, "कायले जीव काढून राह्यली वं? त्या कागदावर तुले कोन नवकरी देनार हाये?" सुरुवातीला विजूजवळ याचं उत्तर होतं, पण दोन वर्षांत ते कुठं गेलं हे तिलाही कळलं नाही. आता ती जायची, कारण पुढच्या रविवारची विहीर ठरलेली असायची.

जानेवारी शहात्तरमध्ये शेवटचं पत्र आलं. घुगे सरांनी ते वाचलं, तिच्याकडं सरकवलं आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. चार ओळी होत्या. सदर विषयसंयोगास मान्यता देता येत नाही, कारण या विषयाचे परीक्षक उपलब्ध नाहीत.

"झालं," सर म्हणाले.

"मंग सर?"

"मग काही नाही. इतिहास वाच. अडीच महिने आहेत."

विजयमालाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट कोणीतरी डोक्यावरचं घमेलं उतरवून घेतल्यासारखी मान हलकी झाली आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. येत्या रविवारी उशिरापर्यंत झोपता येईल, एवढंच तिच्या मनात आलं.

राठोड सर मात्र खवळले. स्टाफरूममध्ये त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "तीन वर्षं झिजली पोरगी. एकशे एकतीस विहिरी! विद्यापीठ नाही तर नाही, आपण परीक्षा घेऊ."

"कशासाठी?" घुगे सरांनी थकल्या आवाजात विचारलं.

"अभ्यास केला म्हणून. अभ्यास केला की परीक्षा होते."

"बाहेरचा परीक्षक लागतो, भाऊसिंग. नियम आहे." सर थट्टा करत होते की काय, कळत नव्हतं.

"तिच्या वडिलांना बोलवा. या तालुक्यात विहिरी त्यांच्याहून जास्त कोणाला कळतात?"

विजयमालाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सर, बा आंगठा लावते." राठोड सर म्हणाले, "मग लावू दे."

फेब्रुवारीतला रविवार ठरला. भिवाजी एसटीनं आला. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, पायात थोरल्या लेकीच्या नवऱ्याकडून आलेली आणि जरा मोठी होणारी चप्पल. त्या वर्षी त्याच्या छातीत खरखर सुरू झाली होती, खडकाची भुकटी तीस वर्षं आत गेलेली. दोन गुरुजींच्या मधे खुर्ची ठेवली होती, तिच्यावर तो अगदी कडेला टेकला.

घुगे सरांनी नकाशावर विचारलं. काळा पाषाण कुठं, मऊ मांजऱ्या खडक कुठं, दोघांच्या मधे गेरूचा लाल पट्टा येतो तिथं पाणी का थांबतं. विजयमालानं सांगितलं. ती बोलत होती आणि भिवाजी मान हलवत होता, कधी होकारार्थी, कधी नुसतीच. राठोड सरांनी पाच बाटल्या पुढं ठेवल्या आणि फेस बघून कोणती विहीर कोणती ते ओळखायला लावलं. तिनं चार ओळखल्या.

"आता तुम्ही विचारा, भिवाजीभाऊ," घुगे सर म्हणाले.

भिवाजी उठला. "इथं बसून नाई इचारता येत गुरुजी. इहिरीपाशी चाला."

कॉलेजच्या मागं होस्टेलसाठी खंदलेली विहीर होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळी काम म्हणून भिवाजीच्या हाताखाली ती खंदली आणि कोरडी निघाली. तेव्हा विजू प्रीच्या वर्गाच्या खिडकीतून बापाला खाली उतरताना बघायची. मैत्रिणींसमोर ओळख दाखवू नको, असं त्यानंच बजावलं होतं. तिच्या यादीत ही विहीर एकशे एकतिसावी होती. आता तिच्यात बाभळीच्या फांद्या आणि होस्टेलचा केरकचरा पडलेला होता.

भिवाजी काठावर उभा राहिला. "इथं पानी काहून नाई लागलं?"

"वरचे तीस हात मुरूम अन् मांजऱ्या," विजयमाला म्हणाली. "त्याच्या खाली सलग काळा पाषाण. भेग नाई, पट्टा नाई. पानी झिरपाले वाटच नाई."

"किती हात खंदली?"

"अठ्ठेचाळीस."

"तीस हातावर पाषाण लागला. मंग अठ्ठेचाळीस काहून खंदली?"

बिगारी लोक, सुरुंग, मंजुरी, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. घुगे सर काठीवर रेलून ऐकत होते.

"मले मालूम झालं व्हतं," भिवाजी म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तिसाव्या हातालेच. पहार मारली अन् समजलं, आता पानी नाई. पन चाळीस मानसं व्हती कामावर. गावोगावची. दुसरीकडे काम नव्हतं. म्या सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी काम बंद. म्हून चुप राह्यलो. दोन महिने खंदत राह्यलो." तो खोकला, थुंकला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग पोरीकडं वळला. "आता सांग. तुह्या वहीत ह्याचं काय लिवशील?"

विजयमालानं बापाच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं. खडकाच्या पानावर लिहिलं तर ही विहीर चुकीची होती आणि खंदणाऱ्याला ते ठाऊक होतं. माणसांच्या पानावर लिहिलं तर अठरा हात पाषाणातून चाळीस घरं दोन महिने जेवली होती. त्या घरांत तिचंही घर होतं. ते जेवण तिच्या डोळ्यांसमोर आलं, ज्वारीची भाकर आणि नुसती चटणी.

"दोन्ही लिवीन," ती म्हणाली.

"माह्या नावानं?"

"तुह्या नावानं. नाई तं मंग लिवत नाई."

भिवाजीनं थोडा वेळ विहिरीत बघितलं. "लिव," म्हणाला.

परत खोलीत आल्यावर घुगे सरांनी कागदावर तीन रकाने आखले. स्वतःच्या रकान्यात अडुसष्ट लिहिले, राठोड सरांनी बहात्तर. भिवाजीनं विचारलं, "पास व्हाले किती लागते?"

"पस्तीस."

"मंग पस्तीस लिवा."

"काय हो हे!" राठोड सर म्हणाले. "तुम्ही तर बाप आहात."

"म्हूनच सांगतो सायेब. थे अजून आत नाई उतरली कोन्या इहिरीत. सारं काठावरून पाह्यलं तिनं. पास हाये, पन पस्तिसानं."

घुगे सर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हसता हसता दम लागला, पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी फुलस्केप कागदावर स्वच्छ अक्षरात प्रमाणपत्र लिहिलं. कुमारी विजयमाला भिवाजी पट्टेबहादूर यांनी 'वाशिम तालुक्यातील विहिरी : खडक, पाणी व माणसे' या विषयाचा तीन वर्षांचा अभ्यास पूर्ण केला असून त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या आहेत. खाली दोन सह्या, एक अंगठा. कॉलेजचा शिक्का मारायला पंजाबरावांनी नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"याचा कुठंही उपयोग होणार नाही," सर कागद देताना म्हणाले.

"माहीत आहे सर," ती म्हणाली.

विहीर क्रमांक एकशे एकतीसचं माणसांचं पान लिहायला तिला चार दिवस लागले. मग तिनं वह्या बांधून माळ्यावर ठेवल्या आणि इतिहासाचं पुस्तक उघडलं. मार्चात परीक्षा झाली. निकाल लागला तो तिसरा वर्ग. गुणपत्रिकेवर मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय होते. त्याच उन्हाळ्यात घुगे सर दम्यामुळे मुदतीआधी निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. राठोड सर पुसदकडच्या कॉलेजात लागले. भिवाजीनं काम सोडलं. सोडलं म्हणजे ज्या दिवशी वर येताना दोन वेळा शिडीवर थांबावं लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला नाही.

सप्टेंबरात रिसोडला पंचायत समितीत कारकुनाच्या जागेची मुलाखत होती. टेबलामागं तिघं बसलेले. मधल्या साहेबांनी गुणपत्रिका बघितली, अक्षर बघितलं, टंकलेखन येतं का विचारलं. ती म्हणाली, येत नाही, शिकेन. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर बाकावर अजून वीस-बावीस उमेदवार होते.

"आणखी काही शिक्षण? एखादा कोर्स, प्रमाणपत्र वगैरे?"

तो फुलस्केप कागद तिच्या पिशवीत होता, घडी करून, गुणपत्रिकेच्या पाठीमागं. तिचा हात पिशवीवर होता. कागद काढायचा म्हणजे विषय काय ते सांगावं लागणार, मग विद्यापीठानं काय कळवलं ते, मग सह्या कोणाच्या, आणि शेवटी हा अंगठा कोणाचा. सकाळपासून दोन एसटी बदलून ती आली होती. साहेब घड्याळाकडं बघत होते.

"नाही," विजयमाला म्हणाली.

जागा तिला मिळाली. आठ दिवसांनी पत्र आलं. पण त्या दिवशी घरी पोचली तेव्हा ते ठाऊक नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली आणि चपला काढायचंही राहून गेलं. भिवाजी आतून, बाजेवरून म्हणाला, "आली का विजू? काय इचारलं त्यायनं?"

"काई नाई. टायपिंग येते का इचारलं."

"मंग?"

"शिकून घेईन म्हनलं."

"बरं सांगतलं," भिवाजी म्हणाला. केशरबाईनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि तिनं तो घटाघटा पिऊन टाकला.